अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

गेल्या मंगळवारी मला झोप लागली नाही ती कोथिंबिरीमुळे. आमटीवर वरून भुरभुरलेली, म्हणजे कच्ची. मी ती मिठाच्या पाण्यात दोनदा धुतली होती की एकदाच, काही केल्या आठवेना. शेवटी नवऱ्याला उठवून विचारलं, "सुधीर, पोट दुखतंय का?"

"आत्तापर्यंत नव्हतं. आता बघतो."

घरात लिव्हरचा पेशंट असला की असे किस्से प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे साठतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण कपाट उघडलं की अंगावर येतात. लहानपणी ऑपरेशनच्या वेळी चढवलेल्या रक्तातून सुधीरला कावीळ झाली, आणि ती पंचवीस वर्षं गुपचूप लिव्हर खात राहिली. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीला मात्र एकच प्रश्न पडतो. "किती घ्यायचे हो?"

सुधीर सांगतो, "दोन कप. साखर कमी."

*

डॉक्टरांनी पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी वही घेऊन बसले होते. "यांच्या पांढऱ्या पेशी रिपोर्टमध्ये ठीक दिसतात. पण लिव्हर इतकं खराब झालं की त्या जंतूंशी धड लढत नाहीत. साधं इन्फेक्शनही जिवावर बेतू शकतं."

सुधीर सरकारी ऑफिसात क्लार्क. तो म्हणाला, "म्हणजे मस्टरवर सह्या आहेत, टेबलावर कोणी नाही."

डॉक्टर इतके हसले की मला त्यांचा राग आला. मग गंभीर होऊन म्हणाले, "ताप येईलच असं नाही. वागण्या-बोलण्यात काही वेगळं वाटलं तर लगेच आणा."

तोवर मी फक्त तापाला घाबरायचे. त्या दिवसापासून ताप नसला तरी घाबरायला लागले.

*

सुधीरचा दिंडोरीचा मित्र बाळू आपल्या बागेतली पेटीभर द्राक्षं घेऊन आला. "लय गोड हाय वहिनी, एकबी मणी आंबट नाय."

मी ती धुतली, पुसली, परत धुतली. तरी धीर होईना, म्हणून उकळली. वाटीतला तो लगदा बाळूने बराच वेळ न्याहाळला.

"वहिनी, आमाला वर्षभर फवारून जमलं नाय ते तुमी धा मिनिटांत केलं. काय जिवंत ठेवलं नाय."

*

सुधीरचे मामा गोदाघाटावर यात्रेकरूंचे विधी करतात. ते गडूभर गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी घेऊन आले. "सूनबाई, नुसतं ओठाला लाव त्याच्या."

नाही म्हणायची छाती नव्हती. गडू घेऊन स्वयंपाकघरात गेले. बेसिनमध्ये ओतायला हात धजेना, सुधीरला देणं तर शक्यच नव्हतं. मग मीच प्यायले. तीन दिवस पोट धरून होते, आणि आपल्यामुळे आता त्याला लागण होणार म्हणून डेटॉलने नळसुद्धा पुसत होते.

मामांनी येऊन विचारलं, "गुण आला का?"

"आला मामा," सुधीर म्हणाला. "फक्त पत्ता चुकला."

*

आणि ही गोष्ट श्रावणातली. सकाळी सुधीरचा ताप पाहिला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. इतकं बरं वाटलं की मी चक्क पोहे करायला घेतले.

आमची चार वर्षांची मुक्ता आत आली. "आई, बाबा मला शकू म्हणतायत."

शकू म्हणजे सुधीरची थोरली बहीण. मी म्हटलं, "गंमत करत असतील."

"गंमत करताना बाबा हसतात."

मी गॅस बंद केला. बाहेर सुधीर शर्टाचं एकच बटण पुन्हा पुन्हा लावत बसला होता. रिक्षात मी त्याला वार विचारला, महिना विचारला. तो नसलेली खिडकी शोधत राहिला.

लिव्हरमुळे पोटात साठलेल्या पाण्यात इन्फेक्शन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "उद्यावर टाकलं असतंत, तर..." मी थर्मामीटरवर विश्वास ठेवला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

दहा दिवसांनी सुधीर घरी आला, गालफडं बसलेला. मुक्ताला हात धुवायला लावून मी बाहेरच्या खोलीत आणलं. सुधीरने हात पुढे केला. "ये."

ती माझ्या मागे सरकली.

"आधी माझं नाव सांगा."