पेन्सिलीच्या चिठ्ठ्या

फकरुद्दीनचाचा धाराशिवला विद्यापीठाच्या संग्रहालयात सेवक. एकतीस वर्षं. बेंबळी, सोनारी, कुठंही साप मेला की लोक त्यांनाच फोन लावायचे. चाचा एसटीनं जायचे, मेलेला साप डब्यात घालून आणायचे. कंडक्टरनं विचारलं, "चाचा, जेवण का?" की म्हणायचे, "व्हय, खाता का?" मग साप स्पिरिटच्या बरणीत, आणि गाव, तारीख, कसा मेला ही चिठ्ठीही त्यातच.

मी साप वाचवणारा. शाळा नववीत सोडली, पण कायदा तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी संग्रहालयात ताजा घोणस बघितला आणि डोकं सणकलं. चिठ्ठ्या बघितल्या, तर सगळ्या पेन्सिलीत! म्हटलं, घावला चोर. जिवंत साप मारायचे अन् खोडरबरानं नोंदी फिरवायच्या. अर्ज ठोकला, दारात उपोषणाला बसलो.

चाचा समजवायला आले. "भाऊ, स्पिरिटमधे शाई विरघळती. पेन्सिल टिकती, म्हणून..."

"मला शिकवू नका चाचा. तुमच्यासारखे लई बघितलेत!"

माझी माणसं खदाखदा हसली. चाचा आत गेले.

तिसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या साहेबांनी हुकूम काढला. चिठ्ठ्या पेनानं नव्या लिहा, जुन्या फाडा. फाडायची अट माझी. एका सापाच्या दोन नोंदी कशाला? चाचांनी त्या माझ्यासमोर फाडल्या. मी गळ्यात हार घालून घेतला.

परवा एका कामानं तिथं गेलो. बरण्यांतलं स्पिरिट निळसर, चिठ्ठ्या कोऱ्या. नोंदींचं जुनं रजिस्टर तर वाळवीनं कधीच खाल्लेलं. पुढच्या महिन्यात निवृत्त होणारे चाचा एकेक बरणी उजेडात धरून आठवत बसले होते.

"चाचा, चुकलं माझं." एवढं बोलायला मला दारात किती वेळ लागला!

"बसा. हे मांडूळ माकणीचं, टेम्पोखाली गेलेलं. हे पक्कं." त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं. पुढची बरणी मात्र नुसतीच फिरवत राहिले.

"अंदाजानं लिहा की. तुमच्याइतकं कुणाला ठाऊक हाय?"

"अंदाजानं लिहिलं तर तुमचा अर्ज खरा व्हईल, भाऊ."

'गाव माहीत नाही', त्यांनी लिहिलं. अजून दीडशेहून जास्त बरण्यांच्या चिठ्ठ्यांवर तेच लिहायचं होतं. मी दुसरी पेन्सिल मागितली.

त्यांनी दिली नाही.