चाचांचा हर्निया आणि डिंकाची दाढी

कुवेतमध्ये माझ्या चाचांच्या हर्नियाचं ऑपरेशन एका विलायती विनोदी सिनेमामुळे रखडलं, आणि त्यात सिनेमाचा काडीचाही दोष नव्हता.

गोष्ट साठ सालच्या आसपासची. चाचा तिथल्या अहमदी गावात तेलकंपनीच्या मेसमध्ये बावर्ची होते. (शंभर माणसांच्या बिर्याणीची डेग एकट्याने उतरवायचे, हर्निया तिथूनच आला.) डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशन नाही तर डेग उचलणं बंद. डेग बंद म्हणजे नोकरी बंद, आणि नोकरी बंद म्हणजे पुढच्या बोटीने रत्नागिरी! पण चाचांना सुरीची भीती. रोज बोकड कापणाऱ्या माणसाला!

"बोकडाची गोष्ट येगळी," ते म्हणाले. "त्याला नंतर उठून चालायचा नसतां."

मी कंपनीत कारकून, म्हणजे घरातला शहाणा. चाचांची भीती मोडावी म्हणून त्यांना कंपनीच्या उघड्यावरच्या थेटरात इस्पितळावरचा एक इंग्रजी विनोदी सिनेमा दाखवायला नेलं. पडद्यावर एक शिकाऊ डॉक्टर पहिलंच ऑपरेशन बघून धाडकन पडला, तेव्हा सगळे साहेब पोट धरून हसले. चाचांनीही पोट धरलं, पण हर्नियाच्या जागी.

"ह्यांच्या हातात मना देतोस?" घरी येईपर्यंत ते एवढंच विचारत होते.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या साहेबाचा मेव्हणा तो सिनेमा काढणाऱ्या विलायतेतल्या स्टुडिओत सुतार होता, त्यामुळे पडद्यामागची सगळी माहिती मला तोंडपाठ!

"चाचा, सगळा खोटा हाय! बाहेरून दिसतां ता इस्पितळ नाय, कॉलेज हाय. आतल्या भिंती प्लायवूडच्या. रगत म्हंजे लाल सरबत. आनि तो ओरडणारा मोठा डॉक्टर? त्याची दाढी रोज सकाळी डिंकाने चिकटवायचे!"

चाचा एकदम शांत झाले. मला वाटलं, भीती गेली. माझी बायको सकिना, तिला मी तसं सांगूनही टाकलं.

ऑपरेशनच्या दिवशी इस्पितळात शिरताच चाचांनी भिंतीवर टिचकी मारली. ढब ढब!

"प्लायवूड!"

"चाचा, हा पार्टिशन हाय!"

"तिकडं पन पार्टिशनच होतां!"

तेवढ्यात सर्जन आले. सहा फुटी, लाल दाढी, आणि आवाज असा की बाटल्या हलाव्यात. मी दुभाष्या म्हणून पुढे होऊन "गुड मॉर्निंग" म्हणेपर्यंत चाचांनी हात लांबवून ती दाढी खेचली. दाढी आली नाही. सर्जन आला!

सर्जनसाहेब गरजला, "हा काय प्रकार आहे?" मला खोटं सुचेना, म्हणून खरं सांगितलं: आमचे चाचा तुम्हाला नट समजतात. आता दोघांच्याही नोकऱ्या गेल्या, असं मी धरून चाललो. पण साहेब हनुवटी चोळत हसायला लागला. म्हणाला, "विचार त्यांना, खात्री कशाने पटेल?"

चाचांनी माझ्याकडे बोट केलं. "पयला ह्याचा रगत काढ. सरबत हाय का, ता मी बघतो."

सर्जनला ही कल्पना फारच आवडली. नर्सने माझी बाही वर केली. आजारी मी नाही, हे मी इंग्रजीत, हिंदीत आणि येत नव्हतं त्या अरबीतही सांगितलं! सुई आत गेली. काचेची नळी लाल झाली. चाचांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, मग हुंगली.

"खरा हाय," ते म्हणाले. एवढंच मी ऐकलं.

डोळे उघडले तेव्हा मी चाचांच्या खाटेवर होतो. चाचा केव्हाच ऑपरेशनला गेले होते, तेही आपल्या पायांनी. समोर सकिना सुपाचा डबा घेऊन उभी.

"ऑप्रेशन चाचांचा ना? मग तुमी का झोपलात?"

चाचा ठणठणीत होऊन पुन्हा डेगेवर गेले. पुढे पार शेजारच्या फिंतास गावापर्यंत भेटेल त्या कोकण्याला ते सांगायचे, "मना बेशुद्ध करायला साहेबाला औषध लागला. आमचा कारकून फुकटात झाला!"

खरंच होतं ते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत कंपनीच्या पैशाची मी केलेली ती एकमेव बचत होती.