पाकिटावरच्या लक्ष्मीबाई

तेरखेड्याच्या लक्ष्मीबाईंचा जन्मात एकच फोटो निघाला होता, आधार कार्डावरचा, आणि तो आपला नव्हेच असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे सून ज्ञानेश्वरीनं चहाचा धंदा काढला आणि पाकिटावर सासूचा फोटो छापायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. पण घेतले ते ठेवणीतलं लुगडं नेसून.

चहा तसा त्यांचाच. मोरीच्या पाण्यावर माजलेला गवती चहा सावलीत वाळवायचा, त्यात सुंठ, आवळकाठी नि वेलदोडे कुटून घालायचे आणि ते सगळं चहापत्तीत मिसळायचं. घरच्यांनी हा चहा वर्षानुवर्षं औषधासारखा, तोंड वाकडं करून घेतला होता. दुसरा कप मागणारी पहिली व्यक्ती म्हणजे ज्ञानेश्वरी. सासूसुनेचं तिथून जमलं.

धाराशिवच्या छपाईवाल्यानं पाकीट झकास केलं. आतून चंदेरी, बाहेरून केशरी, मधोमध लक्ष्मीबाई. आणि कुणी सांगितलेलं नसताना त्यांच्या डोक्यामागं किरणं. टेम्पो चालवणारा मुलगा बलभीम पाकीट उलटसुलट करून म्हणाला, "आई, आता बसायला सिंह तेवढा राहिला."

"तू हैस की," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

तुळजापूरच्या एका दुकानदारानं माल ठेवून घेतला. चहा खपत होता. मग एका मंगळवारी दोघी देवीला गेल्या, आणि बसस्थानकाच्या बाहेरच ज्ञानेश्वरीला सासूबाई भेटल्या: नालीच्या काठावर, चिखलात, हसऱ्या. त्यांच्यावरून माणसं चालली होती. ज्ञानेश्वरीनं वाकून रिकामं पाकीट उचललं, पदरानं पुसलं आणि कपाळाला लावलं. माणसाला पाय लागला तर एवढं करायचं असतं. पुढं आणखी एक होतं. त्याच्यापुढं आणखी. एक तर शेळीच्या तोंडात होतं आणि शेळीनं ते विचार करून थुंकून टाकलं. महाद्वारापर्यंत ज्ञानेश्वरीची पिशवी भरली होती आणि एका भाविकानं तिला नगरपालिकेची समजून पाण्याची रिकामी बाटलीही दिली.

परतीच्या गाडीत लक्ष्मीबाईंनी ती पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

"आत्याबाई, काढून टाकू का फोटो? लोकांचे पाय लागतेत."

"पायाचं काय न्हाय गं. पाय समद्यालाच लागतेत." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "पर ह्ये कुजत न्हाय, जिरत न्हाय, शेळीला बी नको. म्या मरून गेल्यावर बी त्या नालीत दात काढून बसलेली असंन. माणसानं एवढं राहू न्हाय."

फोटो काढून टाकणं सोपं होतं. पण एक पाकीट लक्ष्मीबाईंनी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं होतं आणि वेणी घालताना त्या आरशाऐवजी त्याच्याकडं बघत, हे ज्ञानेश्वरीनं पाहिलेलं होतं. सासू पाकिटावर राहिली पाहिजे आणि पाकीट मातीत गेलं पाहिजे, असं तिनं मनाशी ठरवलं. शिवाय आतला चहा सादळता कामा नये. जगात या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत, हे तिला हळूहळू कळायचं होतं.

तिनं कागदी पाकिटं मागवली. एक फाडून बघितलं तर आत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा निघाला, दुधावरच्या सायीसारखा. मग 'कुजणारी' म्हणून विकतात ती मागवली. त्यांच्या मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं की ती कारखान्यातल्या खास उष्णतेतच कुजतात. काचेच्या बरण्या बलभीमच्या टेम्पोतून गेल्या आणि चहात काच मिसळून परत आल्या. कापडी पिशवीत गवती चहा आठवड्याच्या आत इतका मऊ पडला की त्याची भाजी झाली असती.

एका दुपारी ती त्या पिशव्यांपुढं डोळे पुसत बसलेली लक्ष्मीबाईंना दिसली.

"नळाच्या पाइपाचा तुकडा हाय का गं घरात?" त्यांनी विचारलं. "आन् थोडी मैद्याची खळ कर."

लग्न होऊन आल्यापासून डोळे अधू होईपर्यंत लक्ष्मीबाईंनी फटाक्याच्या नळ्या वळल्या होत्या. घरोघरी फटाके होणाऱ्या तेरखेड्यात त्याला कुणी कला म्हणत नाही. भाकरी थापण्याला म्हणतात का? पाइपावर खाकी कागद चढला, कडेला खळ लागली, तळवा फिरला आणि नळी सुटून बाजूला पडली. आत फरसाणवाल्याकडचा बटर पेपर. बघता बघता ओसरी नळ्यांनी भरली. ज्ञानेश्वरी चहा भरून देत होती, लक्ष्मीबाई तोंडं बंद करत होत्या, आणि दोघी इतक्या खुशीत होत्या की काय होतंय याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. खोकं तयार झालं. वेगळं काही वाटायचं कारणही नव्हतं. त्या गावात असल्याच वस्तू बघत माणूस लहानाचा मोठा होतो.

ज्ञानेश्वरीनं ते तालुक्याच्या स्टँडवर नेलं. एसटीच्या कंडक्टरला मात्र वेगळं वाटलं.

"कुठनं आलं पार्सल?"

"तेरखेडा."

त्यानं झाकण उघडलं आणि निजलेल्या बाळावर दुपटं घालावं तसं हळूच परत लावलं. आत ओळीनं खाकी नळ्या होत्या. दोन्ही तोंडांना मातीची ठासलेली बुचं, वरून गच्च सुतळी.

"मावशी, खाली घ्या."

"आवो, चहा हाय!"

"व्हय व्हय. तुमच्याकडं समदा चहाच असतो."

ज्ञानेश्वरीनं चहा दाखवायला एक नळी हातात घेतली. लक्ष्मीबाईंनी ठासलेलं बूच असं सहजी निघत नसतं. तेव्हा तिनं नळी फलाटाच्या कठड्यावर आपटली. थांब्यावरची माणसं लांब गेली. तिनं पुन्हा, जोरात आपटली. आता थांब्यावर माणूस नव्हता. तिसऱ्या दणक्याला नळी फुटली आणि वेलदोड्याचा वास सुटला. पहिल्यांदा ड्रायव्हर परत आला.

कंडक्टर लांबूनच म्हणाला, "वास झ्याक हाय. पर माल न्हाय न्यायचा."

घरी बलभीम हसून हसून भिंतीला टेकला. "आई, वात घालायची तेवढी इसरलीस बघ!"

लक्ष्मीबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. "ह्यांला काय ठावं, आत चहा हाय का दारू."

ज्ञानेश्वरीनं ते हात आपल्या हातात घेतले आणि बोटांच्या फटीत वाळलेली खळ नखानं काढत बसली. तेवढ्यापुरतं ते काम फार महत्त्वाचं होतं.

नंतर मातीच्या बुचाजागी कागदाचंच टोपण आलं, सुतळी गेली, आणि पांढऱ्या लेबलावर लक्ष्मीबाई किरणांशिवाय बसल्या. पण त्यांना खात्री हवी होती. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी एक जुनं पाकीट आणि एक नवी नळी उकिरड्यात शेजारी शेजारी पुरायला लावली.

दसऱ्याच्या साफसफाईत दोघींनी उकिरडा उकरला. पाकीट हसत वर आलं. धुतलं असतं तर त्यात पुन्हा चहा भरता आला असता. शेजारी काळी माती होती आणि गांडुळं.

"दिसतंय का गं माझं तोंड कुठं?" लक्ष्मीबाईंनी डोळे बारीक करून विचारलं.

ज्ञानेश्वरीनं माती हातानं चाळली. "न्हाय, आत्याबाई. गेलं."

शब्द साधा होता, पण बोलून झाल्यावरही ती माती चाळतच राहिली. लक्ष्मीबाईंच्या चेहऱ्यावर मात्र ओझं उतरल्याची कळा होती. त्यांनी सुनेच्या पाठीवर मातीच्या हातानंच थाप मारली.

"मग आता फोटू जरा मोठा छाप. मागल्या टायमाला त्यानं माझी हनुवटी कापली."