डाव्या वळणावरचे तांडेल मास्तर

डावीकडे वळायचं झालं की तांडेल मास्तर विचारायचे, “दिसली का?”

ट्रक शिकायच्या पहिल्या दिवशी मी गोंधळून गेले. सानपाड्याच्या गोदामांमागचा रस्ता, रणरणती दुपार, दूरवर चिटपाखरू नव्हतं. मी विचारलं, “कोण, मास्तर?”

“आरशात बघ. दिसली का?”

“नाही.”

“नाय दिसली म्हंजे नाय, असा नसतं बाय. थांब. परत बघ.”

मी थांबले. मास्तरांनी डाव्या खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं आणि खाली चाकाकडे बघत राहिले. तिथे नुसता फूटपाथ होता. बऱ्याच वेळाने ते आत आले, कपाळ पुसलं आणि हळूच म्हणाले, “चल.”

मी तेव्हा शाळेची व्हॅन चालवत होते. बस चालवायची असं मनाशी ठरवलं होतं आणि त्यासाठी जड वाहनाचा परवाना हवा होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने मला बघून “मॅडम, टेन्शनचं काम आहे हे,” असं ऐकवलं होतं. मास्तरांनी मात्र फक्त सीट पुढे सरकवून दिली. मास्तर खाडीकाठच्या दिवाळे गावचे कोळी, वडिलांची होडी होती, पण तरुणपणीच ते ट्रककडे वळले होते. बोलण्यातून खाडी गेली नव्हती. “भरलेली गाडी म्हंजे भरतीचा पानी. थांब बोललीस म्हनून थांबत नाय.” कोणी उगाच हॉर्न वाजवला की म्हणायचे, “हॉर्न म्हंजे विनवनी हाय, धमकी नाय.” पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की रिक्षावाला मध्ये घुसायचा आणि माझं डोकं फिरायचं. मास्तर शांतपणे म्हणायचे, “घुसू दे. तू परत माघार घे. रस्ता काय पलून जात नाय.”

पण ती एक गोष्ट कुणाला कळत नव्हती. मास्तर कुणाबद्दलही विचारोत, सायकलवाला असो, हमाल असो की रस्त्यात बसलेलं कुत्रं, डावीकडे वळताना ती नेहमी ‘ती’च असायची. शिकायला येणारी पोरं पाठीमागे म्हणायची, मास्तरांना काहीतरी बाहेरचं लागलंय. शिवाय मास्तर स्वतः कधी स्टिअरिंगवर बसत नसत. ट्रक शेडमध्ये लावायचा असला तरी कुणाला तरी हाक मारायचे आणि स्वतः खाली उभे राहून हात दाखवायचे.

मला ते कळलं दिवाळ्यात, त्यांच्या बायकोकडून. हिराबाई तिथल्या बाजारात मासळी विकतात. मी मास्तरांकडे शिकते म्हटल्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली.

“त्यांना इचारू नको गो. मी सांगते.” मग मासळीच्या वाट्यावर बसलेल्या माशा हाकलत, खालच्या आवाजात त्यांनी सांगितलं. मास्तर तेव्हा कंटेनर चालवायचे. त्या दिवशी डावी बाजू बघणारा क्लीनर आला नव्हता. जुईनगरच्या सिग्नलला डावीकडे वळताना फूटपाथ आणि गाडीच्या मध्ये स्कूटरवर एक बाई होती, ती मास्तरांना दिसलीच नाही आणि चाकाखाली गेली. “लहान पोर होती तिला घरी. कोर्टानं यांना सोडलं. यांनी सोताला नाय सोडलं. अजून झोपेत डावा हात असा पुढं करतात, कुनाला तरी थांबवल्यासारखा.”

त्यानंतर “दिसली का?” ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा. मीही आरशात शोधायला लागले. कधीकधी वाटायचं, आता खरंच दिसेल.

आणि एका दुपारी ती पोरगी आली.

कॉलेजात जाण्याच्या वयाची होती. स्कूटर शेडपाशी लावून सरळ मास्तरांसमोर उभी राहिली. “तांडेल तुम्हीच ना? मी ऋतुजा. जुईनगरच्या सिग्नलला जी गेली, ती माझी आई.”

मास्तरांच्या हातात पाण्याची बाटली होती. ती तशीच राहिली.

“बाबा म्हणतात, तुम्हाला ती दिसलीच नाही. मला पटत नाही. एवढ्या उंचावर बसून अख्खा माणूस दिसत नाही?”

मास्तरांनी काही समजावलं नाही. मला म्हणाले, “बाय, तिला वर बसव. ड्रायव्हरच्या जागेवर.” मी तिला वर घेतलं आणि शेजारी बसले. मास्तरांनी तिची स्कूटर ढकलत आणली, ट्रकच्या डाव्या अंगाला पुढच्या चाकापाशी उभी केली आणि स्वतः तिच्या शेजारी उभे राहिले. आमच्या त्या जुन्या ट्रकला डावीकडे एकच आरसा होता.

खालून आवाज आला, “आरशात बघ पोरी. दिसतो का मी?”

“नाही.”

“खिडकीतून बघ.”

तिने मान उंच केली, वाकली, पुन्हा आरशात बघितलं. आवाज अगदी जवळून येत होता आणि माणूस कुठेच नव्हता. तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. मग पुटपुटली, “खरंच दिसत नाही.”

ती खाली उतरली. मास्तरांनी तिथेच गप्प राहायला हवं होतं असं मला वाटलं. पण ते बोलले.

“दिसत नाय, ता खरा हाय. पन क्लीनर नव्हता, तवा मी उतरून बघायला पायजे होता. नाय उतरलो. घाई बी नव्हती मला. कंटाला केला.”

ऋतुजाने त्यांच्याकडे नीट बघितलं. रडली नाही, रागावलीही नाही. त्यांच्या हातातून स्कूटर घेतली आणि गेली.

मला वाटलं, आता मास्तर मोकळे होतील. त्यांनाही तसं वाटलं असावं, कारण त्यानंतरच्या रविवारी ते मला म्हणाले, “आज मी बसतो.” उलव्याकडच्या रिकाम्या रस्त्यावर त्यांनी ट्रक घेतला. इतकी अलगद गाडी चालवणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. गिअर पडल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. मग डावं वळण आलं. त्यांनी इंडिकेटर लावला आणि ट्रक थांबवला. मी खिडकीतून वाकून बघितलं. “मास्तर, कोणी नाही.” ते हलले नाहीत. “मास्तर, मी बघतेय ना.” इंडिकेटर टकटक करत होता. शेवटी त्यांनी इंजिन बंद केलं.

“तू घे बाय. मला हितून पुढं रस्ता नाय.”

मी पलीकडून जाऊन बसले. वळण पार होईपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

परवान्याच्या परीक्षेला आरटीओचे साहेब माझ्या शेजारी बसले होते. डाव्या वळणावर मी इतकी थांबले की ते वैतागून म्हणाले, “मॅडम, झोपलात का?” पण पास केलं. हे सांगायला मी स्कूलमध्ये गेले, तर मास्तर आजारी होते. छातीचं दुखणं होतं. पुन्हा ते आलेच नाहीत.

मास्तर गेले तेव्हा दिवाळ्यात त्यांच्या दारात सकाळपासून माणसं जमली होती. जेटीवरच्या होड्या त्या दिवशी कुणी सोडल्या नाहीत. मी हिराबाईंजवळ बसले होते. तेवढ्यात गर्दीतून ऋतुजा आत आली. तिला कुणी कळवलं ते मला आजही माहीत नाही. ती मास्तरांच्या पायाशी उभी राहिली, वाकली आणि मग कुठे जावं ते न कळून तिथेच घुटमळली.

हिराबाईंनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. रडून बसलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, “कोन गो तू?”

ऋतुजाने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

“मी त्यांच्याकडे शिकत होते,” ती म्हणाली.

हिराबाई जरा सरकल्या आणि त्यांनी तिला आपल्या शेजारी जागा करून दिली.