फ्रिजमधलं श्रीखंड
अन्याय झाला तो माझ्या चोपड्याच्या मैत्रिणीवर, जळगावच्या आमच्या कॉलेजात, निरोप समारंभाच्या भर दुपारी. वेलचीचा वास आला की मला अजून ती दुपार आठवते. भीतीनं वाढणारं हार्मोन मेंदूतल्या आठवणींचं काय करतं, हे शोधायला तिनं परीक्षेच्या दारात थरथरणाऱ्या मुलांची लाळ नळ्यांत घेऊन प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये गोठवली होती. त्या दुपारी प्रयोगशाळेत वेलची घमघमली. तिनं घाबरून फ्रिज उघडला, तर आत पाहुण्यांचं श्रीखंड, आणि नळ्या खिडकीत, उन्हात नासलेल्या. “थुंकीच ना ती? उद्या पुन्हा थुंकतील पोरं,” श्रीखंड ठेवणारे आमचे विभागप्रमुख सर हसले. “परीक्षा तर संपली, सर. ती भीती आता कुठून आणू?” सर श्रीखंड घेऊन मांडवाकडे गेले. तिचा शोध तिथंच संपला. म्हणून आज सांगते, तुमच्या कॉलेजातला फ्रिज उघडा आणि आधी ते श्रीखंड बाहेर काढा.