बांगडीमागचा ठिपका

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. साताऱ्याच्या आठवडी बाजारात ती गोंदणारी बाई गोणपाट टाकून बसायची. तिचं नाव कुणी विचारत नसे; आम्हीही विचारलं नाही. आम्ही दोघी अकरावीत होतो. मैत्रिणीचं सांगलीला लग्न ठरलं होतं, म्हणून एकमेकींची नावं मनगटावर गोंदून घ्यायचा आमचा बेत.

तिनं माझा हात मांडीवर ओढला, पदरानं मनगट खसाखसा पुसलं आणि सुई उचलली.

"भावाचं नाव काय?"

"भावाचं नाही, हिचं."

तिनं सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "पोरींनो, नाव गोंदलं की सासरची समदी इचारत्यात, ही कोन म्हनून. ठिपका घ्या. ठिपक्याला कोन काय इचारत न्हाई."

टोचताना पोरींनी रडू नये म्हणून ती गाणं म्हणायची. ते इतकं बेसूर होतं की आम्ही रडायचं सोडून हसलो. वर हळद चोळून तिनं आमची मनगटं शेजारी धरली, ठिपके जुळतात का ते पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

तिचं म्हणणं खरं ठरलं. सासरी कुणीच विचारलं नाही, नवऱ्यानंही नाही. त्यामुळे ती मैत्रीण अजून माझी एकटीची आहे.