न घाबरलेला माणूस

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. सत्तरच्या दशकात मी लोणावळ्याला फौजदार होतो.

तिथल्या एका कारखान्यात नळांचे सांधे तपासायला किरणोत्सर्गी तुकडा वापरत. तो शिशाच्या पेटीत असे. ती पेटी चोरीला गेली आणि तीन दिवसांनी निनावी पत्र आलं: 'तुकडा तिकोणा पेठेजवळच्या वस्तीच्या विहिरीत टाकलाय. मुकादमाला काढा, नाहीतर पुढची पाळी शहराच्या पाण्याची.'

विहीर बंद केली, शिपाई बसवला, मुंबईच्या तज्ज्ञांना तार केली. पण बोभाटा व्हायचा तो झालाच. वस्तीवरचे लोक विकायला आणत त्या सरपणाच्या मोळ्यांना बाजारात कुणी हात लावेना. तिथली एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. उर्से गावच्या तिच्या सासरहून निरोप आला, आता परत पाठवू नका.

चोर कारखान्यातलाच, अशी खबर मिळाली. मुकादमाशी खटके उडालेले पाच कामगार आणून बसवले. सकाळपासून जबाब चालले होते, पाचही जण कानावर हात ठेवत होते. दुपारी त्या मुलीची आई गाऱ्हाणं घेऊन ठाण्यात आली. बाजारात कुणी पाणी देईना, म्हणून तांब्या घरूनच आणलेला.

"कुठलं पाणी हे?" मी ओरडलो.

"त्याच हिरीचं, सायेब. दुसरं हाय कुटं आमाला?"

पहाऱ्यावरच्या शिपायाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. बाकावरचे चौघे झटकन लांब सरकले. पाचवा घामाघूम झाला होता. "द्या मावशी," म्हणाला आणि घटाघटा प्यायला.

सापडलास की लेका! त्या विहिरीत काही नाही, हे पत्र लिहिणाऱ्यालाच ठाऊक असणार. तासाभरात त्याने कबुली दिली. पेटी त्याच्या खोलीमागे पुरलेली सापडली, न उघडलेली. तज्ज्ञांनी यंत्र लावून विहीर निर्धोक असल्याचं लिहून दिलं.

मोठ्या रुबाबात वस्तीवर सांगायला गेलो, सगळ्यांदेखत त्या विहिरीचं पाणी प्यायलो. मावशी म्हणाली, "लय ब्येस झालं. पर माज्या लेकीचं काय?"

तडक उर्से गाठलं. तिच्या सासूला सांगितलं, मी स्वतः ते पाणी प्यायलोय.

"तुमी प्यालात, सायेब. तुमच्या पोटात लेकरू न्हाई."

मी परत फिरलो.

घरी बायकोला हे सांगितलं. तिला सातवा महिना होता. म्हणाली, "माझी ओटी त्या मावशी भरतील. त्या सासूबाईंनाही बोलावणं धाडा." खोटं कशाला सांगू, तज्ज्ञांचा कागद खिशात असूनही मी तिला 'नको' म्हणालो. ती मात्र ऐकेना. वस्तीवर तिची ओटी भरली. त्याच पाण्यात शिजलेला भात ती सासूच्या शेजारी बसून पोटभर जेवली. मग सासू सुनेला म्हणाली, "बाळंत झालीस की म्याच येते तुला न्यायाला."

गुन्हेगार मी पकडला. पण भीती वर्दीला जुमानत नाही, ती माझ्याही घरात शिरली होती, हे मला तेव्हा कळलं. तपासाबद्दल मला शाबासकी मिळाली. अहवालात बायकोचा उल्लेख मी केला नव्हता. ती चूक आज दुरुस्त करतोय.